लिहा थोडे, उमटवा फार
(वर्ड प्रोसेसरमधील संक्षेपांचा एक छोटा पाठ)



सबमिशनचा आठवडा आला की होस्टेलचे वातावरणच बदलते. एका लॅपटॉपभोवती चार जण बसलेले असतात. एक टाइप करतो आणि तिघे चुका सांगतात. मधेच दारातून कुणीतरी डोकावतो, "काऊन बे, अजून सर्टिफिकेटचंच पान चालू हाय?" आतून उत्तर येते, "का करू मंग, विद्यापीठाचं नावच एवढं लंबं हाय!"

गोष्ट खरी आहे. आपल्या वऱ्हाडातली संस्थांची नावे भारदस्त आणि लांबलचक आहेत. अहवाल असो, बोनाफाईडचा अर्ज असो की रासेयोच्या शिबिराचा वृत्तान्त, तीच नावे आणि तीच वाक्ये आपण पुन्हा पुन्हा टाइप करतो. कार्यालयातील कर्मचारी बंधुभगिनींची तर रोजचीच ही कसरत. पण हे काम संगणकाकडून करून घेता येते. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही, ते आपल्या वर्ड प्रोसेसरमध्ये आधीपासूनच आहे. थोडक्यात सांगायचे तर, तीन अक्षरे लिहायची, एक बटण दाबायचे आणि पूर्ण ओळ उमटते.

संक्षेप : आपली जुनीच सवय

ही कल्पना संगणकाने आणली असे समजू नका. आपल्या आजोबांची जुनी पत्रे काढून बघा. सुरुवातीला 'सा. न. वि. वि.' म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. वडिलांना 'ती.', मुलाला 'चि.', परक्या माणसाला 'रा. रा.', शेवटी 'ता. क.', आणि पाकिटावर 'मु. पो.' लिहायचे. मोडी कागदपत्रांतही अशा संक्षेपांची रेलचेल असे. लिहिणाऱ्याने चार अक्षरे लिहायची आणि वाचणाऱ्याने ती मनात उलगडून घ्यायची, असा तो करार होता.

तारखात्याने याच्याही पुढे मजल मारली होती. लग्नाच्या, सणाच्या, परीक्षेतील यशाच्या शुभेच्छांचे ठराविक मजकूर ठरलेले असत आणि प्रत्येकाला क्रमांक असे. तारेतून फक्त क्रमांक जायचा, पलीकडच्या तार ऑफिसात पूर्ण वाक्य उमटायचे. भारतातील ही तारसेवा जुलै 2013 मध्ये बंद झाली, पण तिची युक्ती आपल्या संगणकात शिल्लक आहे. फरक इतकाच की आता उलगडण्याचे काम वाचणाऱ्याकडे नसून यंत्राकडे आहे. कागदावर पूर्ण आणि शुद्ध मजकूर उमटतो.

दोन पद्धती

वर्डच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये 'ग्लॉसरी' नावाची एक सोय होती. संक्षेप लिहून एफ-3 दाबले की साठवलेला मजकूर यायचा. मायक्रोसॉफ्टमधील डीन हाचामोविच यांनी त्यावरून पुढचा विचार केला. शब्द संपला की माणूस स्पेस तर दाबतोच, मग बदलण्याचे काम स्पेसवरच का सोपवू नये? त्यातून 'ऑटोकरेक्ट' आले आणि 1993 च्या वर्ड 6.0 मध्ये ते लोकांच्या हाती पडले.

म्हणजे आज आपल्यापुढे दोन मार्ग आहेत.

पहिला, ऑटोकरेक्ट. संक्षेप लिहून स्पेस किंवा विरामचिन्ह दिले की तो आपोआप बदलतो. तुमची परवानगी विचारत नाही.

दुसरा, ऑटोटेक्स्ट. संक्षेप लिहायचा आणि एफ-3 दाबायचे. तुम्ही सांगाल तेव्हाच तो बदलतो.

इंग्रजीत काम करताना बहुतेकांना पहिला मार्ग सोपा वाटतो. मराठीसाठी मात्र दुसराच चांगला. का, ते पुढे येईलच. आधी हिशेब करू, कारण हिशेबाशिवाय इंजिनिअरला कोणतीही गोष्ट पटत नाही, आणि पटूही नये.

हिशेब

इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर 'संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती' हे नाव टाइप करून बघा. प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलन्त, स्वल्पविराम आणि स्पेस मोजा. शिफ्ट मोजू नका. बरोबर 41 स्ट्रोक होतात. आता 'डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, अकोला' मोजा. तेही 41! अमरावती आणि अकोला इथे बरोबरीत सुटले.

समजा अमरावती विद्यापीठाचे नाव एका अहवालात 30 वेळा येते. पूर्ण लिहिले तर 41 गुणिले 30, म्हणजे 1230 स्ट्रोक. 'सगब' असा तीन अक्षरी संक्षेप आणि एफ-3 धरले तर 4 गुणिले 30, म्हणजे 120. वाचले 1110 स्ट्रोक.

पाच स्ट्रोकचा एक शब्द धरला, तर मिनिटाला 30 शब्द टाइप करणाऱ्याची 1110 स्ट्रोकमागे साधारण साडेसात मिनिटे वाचतात. आपल्यापैकी बरेच जण मिनिटाला 15 शब्दांच्याच आसपास असतात. त्यांची पंधरा मिनिटे वाचतात.

"एवढंच?" असे कुणी म्हणेल. हो, एका नावापुरते एवढेच. अशी दहा-बारा नावे आणि वाक्ये साठवली तर आकडा वाढेल, पण खरा फायदा मिनिटांत नाहीच. तो चुकांत आहे. शंभर स्ट्रोकमागे एक चूक धरली, तर 1230 स्ट्रोकमध्ये बारा चुका होतील. त्या 'विद्यापीठ'चे 'विद्यापिठ' किंवा 'गाडगे'चे 'गागडे' अशा रूपात पानापानांत लपून बसतील. संक्षेपात मात्र 120 स्ट्रोकमागे एखादीच चूक होईल, आणि तीही लपणार नाही. 'सगब'ऐवजी 'सबग' लिहिले गेले तर एफ-3 दाबूनही मजकूर उमटणार नाही, तिथल्या तिथे कळेल.

हा फायदा लहान समजू नका. ही नुसती नावे नाहीत. गाडगे बाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले आणि 1956 मध्ये त्यांचे देहावसान झाले. पंजाबराव म्हणजे आपले भाऊसाहेब. ते अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे. पुढे देशाचे कृषिमंत्री झाले, आणि अकोल्याच्या 1969 मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. अशा माणसांची नावे आपल्या अहवालात चुकीची छापली जाणे बरे दिसत नाही. आणि तुमचे स्वतःचे नाव? ते शिष्यवृत्तीच्या अर्जावर एक तऱ्हेने आणि दाखल्यावर दुसऱ्या तऱ्हेने पडले, तर खेटे कुणाला घालावे लागतात हे वेगळे सांगायला नको.

मराठीत एफ-3 च का?

इंग्रजीत नाम वाक्यात बहुधा जसेच्या तसे बसते. मराठीत नामाला विभक्ती लागते. विद्यापीठ, विद्यापीठाने, विद्यापीठात, विद्यापीठाच्या. ऑटोकरेक्टमध्ये बदल होण्यासाठी आधी स्पेस द्यावी लागते. मग 'विद्यापीठ' उमटल्यावर बॅकस्पेसने मागे येऊन 'ाच्या' जोडावे लागते. वाचवलेला वेळ तिथेच जातो.

एफ-3 ने मजकूर उमटतो तेव्हा कर्सर 'ठ'ला चिकटून थांबतो. लगेच काना आणि 'च्या' टाइप करा, 'विद्यापीठाच्या' तयार! म्हणून मराठी संक्षेप साठवताना दोन नियम पाळा.

पहिला नियम : मजकुराच्या शेवटी स्पेस साठवू नका.

दुसरा नियम : जिथे प्रत्यय लागायचा आहे तिथेच मजकूर थांबवा. म्हणजे शेवटचे ', अमरावती' किंवा ', अकोला' हे भाग काढून टाका. गावाच्या नावाची आणखी एक गंमत आहे. 'अमरावती'ला सरळ 'त' जोडला की 'अमरावतीत' होते. 'अकोला' मात्र 'अकोल्यात' होतो, 'बुलडाणा' 'बुलडाण्यात' होतो, म्हणजे मूळ शब्दच आतून बदलतो. त्यामुळे 41-41 चा बरोबरीतला सामना विभक्तीच्या मैदानावर अमरावतीने जिंकला, असे म्हणायला हरकत नाही. अकोलेकरांनी राग मानू नये!

कृती : वर्डमध्ये (2007 आणि नंतरच्या आवृत्त्या)

1. हवा तो मजकूर एकदा टाइप करा. मूळ कागद समोर ठेवून अक्षर न् अक्षर तपासा. शक्यतो दुसऱ्याकडून वाचून घ्या.
2. मजकूर सिलेक्ट करा. ओळीच्या शेवटची परिच्छेदाची खूण त्यात घेऊ नका, नाहीतर प्रत्येक वेळी नवी ओळ सुरू होईल.
3. ऑल्ट आणि एफ-3 एकत्र दाबा. एक चौकट उघडते.
4. नावाच्या रकान्यात संक्षेप लिहा, गॅलरीच्या रकान्यात 'ऑटोटेक्स्ट' निवडा आणि 'ओके' करा.
5. आता कुठेही संक्षेप लिहून एफ-3 दाबा. काही लॅपटॉपवर 'एफएन' बटणही सोबत दाबावे लागते.
6. वर्ड बंद करताना टेम्प्लेटमधले बदल साठवायचे का, असे विचारले तर 'होय' म्हणा.

कृती : लिब्रे ऑफिस रायटरमध्ये

हे सॉफ्टवेअर मोफत आहे, त्यामुळे होस्टेलवर कुणाचे अडू नये. मजकूर सिलेक्ट करून कंट्रोल आणि एफ-3 दाबा. उघडलेल्या चौकटीत 'माय ऑटोटेक्स्ट' हा गट निवडा, नाव आणि शॉर्टकट भरा, आणि ऑटोटेक्स्टच्या बटणाखालील 'न्यू' निवडा. वापरताना इथेही संक्षेप आणि एफ-3 च.

गुगल डॉक्समध्ये टूल्स, मग प्रेफरन्सेस, मग सबस्टिट्यूशन्स अशा वाटेने जा. तिथे बदल ऑटोकरेक्टसारखा आपोआप होतो. मोबाईलवर जीबोर्डच्या 'पर्सनल डिक्शनरी'त शब्दाला शॉर्टकट देता येतो, तो वर सूचनांच्या पट्टीत दिसतो.

सुरुवातीची यादी

सगब : संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ
पदकृ : डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ
शाअम : शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय
मरापप : महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद
रासेयो : राष्ट्रीय सेवा योजना
वअतो : वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की,
वअते : वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की,

शेवटचे दोन मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. मुलाने तयार केलेला अर्ज मुलीने घेतला आणि 'करतो की' तसेच राहिले, किंवा खाली 'आपला विश्वासू' राहिले, असे नेहमी घडते. इंग्रजी अर्जात हा प्रश्नच येत नाही, मराठीत क्रियापदच लिंग सांगते. म्हणून अशा वाक्यांच्या दोन प्रती ठेवाव्यात.

यादी यापेक्षा फार वाढवू नका. जो संक्षेप आठवायला थांबावे लागते, तो वेळ वाचवत नाही. महिन्यातून दहादा लागणारा मजकूरच साठवावा.

सावधगिरी

1. खरा शब्द संक्षेप म्हणून घेऊ नका. कृषी विद्यापीठासाठी 'पदक' हा संक्षेप सुचतो खरा, पण तो ऑटोकरेक्टमध्ये टाकला आणि स्नेहसंमेलनाच्या अहवालात लिहिले, 'तिला पदक मिळाले', तर छापून येईल, 'तिला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ मिळाले'! 'अवि'चेही तसेच. त्या नावाचा एखादा मित्र प्रत्येक होस्टेलवर असतोच. चुकून असे झाले तर लगेच कंट्रोल आणि झेड दाबा, बदल मागे फिरतो.

2. संक्षेप स्वतःहून ताजा होत नाही. आपले विद्यापीठ 1 मे 1983 रोजी 'अमरावती विद्यापीठ' म्हणून सुरू झाले, गाडगे बाबांचे नाव नंतर जोडले गेले. ज्यांच्या फाईलमध्ये जुनाच मजकूर साठवलेला असेल, त्यांचा संगणक इमानदारीने जुनेच नाव छापत राहील. विभागप्रमुख बदलले, गाईड बदलले, सत्र बदलले की यादी उघडून बघा.

3. रिकाम्या जागा डोळ्यांत भरतील अशा ठेवा. अर्जाच्या साच्यात तारीख, नाव, रोल नंबर यांच्या जागी '####' टाका, मागच्या वेळची तारीख ठेवू नका. प्रिंटआधी शोधा-सुविधेत '####' टाकून बघा. एकही सापडला नाही तरच प्रिंट द्या. मागच्या मित्राचे नाव तसेच राहिलेला अर्ज अधीक्षकांच्या टेबलावर गेला, तर सुट्टी भलत्यालाच मंजूर व्हायची!

4. कृतिदेवसारखे जुने फॉन्ट वापरत असाल तर ऑटोकरेक्टची 'वाक्याचे पहिले अक्षर कॅपिटल' ही खूण काढून टाका. या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरेच साठवलेली असतात. स्मॉल 'ई' म्हणजे 'म' आणि कॅपिटल 'ई' म्हणजे अर्धा 'म्'. परिच्छेद 'मराठी' शब्दाने सुरू केला की वर्ड मदतीच्या भावनेने पहिले अक्षर कॅपिटल करते आणि 'म्राठी' उमटते. दोष कुणाचाच नाही, संगणकाला ते इंग्रजी वाटते. कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. नव्याने शिकणाऱ्यांनी थेट युनिकोड आणि इन्स्क्रिप्टच शिकावे.

5. ऑटोकरेक्टची यादी भाषेप्रमाणे वेगळी असते. इंग्रजीखाली साठवलेला संक्षेप मराठीत चालला नाही, तर "बिघडलं" म्हणू नका, आधी भाषा तपासा.

6. साठवलेले संक्षेप त्याच संगणकावर राहतात. लॅबमधल्या मशीनवर आज केलेली यादी उद्या असेलच असे नाही. म्हणून सर्व पूर्ण मजकूर एका साध्या फाईलमध्ये पेनड्राईव्हवर किंवा स्वतःच्या मेलवर ठेवा. नव्या मशीनवर दहा मिनिटांत यादी पुन्हा तयार होते.

काय साठवू नये

नाव, पत्ता, ठरलेले वाक्य, संस्थेचा मायना, हे साठवावे. निष्कर्ष साठवू नये. सिनियरच्या अहवालातले 'आभार' आणि 'निष्कर्ष' जसेच्या तसे उचलण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. तीही एक प्रकारे ऑटोटेक्स्टच, फक्त मजकूर दुसऱ्याच्या डोक्यातला! प्रयोग तुमचा असेल तर त्यातून काय निघाले हेही तुमच्याच शब्दांत यायला हवे. संक्षेपांनी जी पंधरा मिनिटे वाचतात, ती खरे तर याच पानासाठी वापरायची आहेत. व्हायव्हाला बाहेरून आलेले सर विद्यापीठाच्या नावावर नाही, निष्कर्षावरच प्रश्न विचारतात.

टायपिंगच्या परीक्षेचे काय?

हा प्रश्न नक्की येणार, कारण आपल्यातले अनेक जण पदवीसोबत सरकारी नोकरीचीही तयारी करतात. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्द प्रतिमिनिट गतीचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि त्याची परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे घेते. तिथे संक्षेप चालत नाहीत, बोटेच चालवावी लागतात. दिलेला उतारा अक्षरशः टाइप करायचा असतो. तेव्हा "मले शॉर्टकट येतात, मी कायले क्लास लावू?" असा विचार असेल तर तो सोडून द्या. दहा बोटांचा सराव ही एक गोष्ट आणि संक्षेप ही दुसरी. पहिलीने हात तयार होतो, दुसरीने काम आटोपते. दोन्ही शिकायला हव्यात.

शेवटी

संक्षेपाला लोक वेग म्हणतात. खरे तर ती आधीच घेऊन ठेवलेली काळजी आहे. एकदा नीट तपासून साठवलेला मजकूर शंभर वेळा बरोबर येतो, आणि एकदा न तपासता साठवलेला शंभर वेळा चुकतो, तोही अगदी सुबक अक्षरात! म्हणून पहिल्या वेळचे तपासणे हेच खरे काम. बाकीचे संगणक करतो.

गृहपाठ म्हणून आज रात्री जेवणानंतर तीनच संक्षेप तयार करा.

1. तुमचे पूर्ण नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे अगदी तसेच.
2. तुमच्या कॉलेजचे पूर्ण नाव, गावाशिवाय.
3. वसतिगृह अधीक्षकांना करायच्या अर्जाचा साचा, रिकाम्या जागी '####' टाकून.

साठवण्याआधी तिन्ही मजकूर रूम पार्टनरकडून वाचून घ्या. आपली चूक आपल्याला दिसत नाही, त्याला लगेच दिसते. आणि त्याचे संक्षेप तुम्ही तपासा. पुढच्या सबमिशनला सर्टिफिकेटचे पान सगळ्यात आधी तयार होईल, आणि त्यावर सगळ्यांची नावे बरोबर असतील.